नवव्या वाफ्यातला तांबेरा

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही. चाळीस वर्षं तिनं मला जेवू घातलं, आणि तिला एवढंच माहीत होतं की मी जवसाची चटणी ताटात घेत नाही. पोटाले सोसत नसंल, असं ती सुनांना सांगायची. मी मान हलवायचो. आता ती नाही. मुलं घरात हिंदी बोलतात, त्यांना जवस आणि तीळ यातला फरक विचारला तरी सांगता येणार नाही. तुम्हालाच का सांगतो आहे? ते मलाही नीट माहीत नाही.

भिलाईत मला सगळे कारखान्याचा माणूस म्हणून ओळखतात. टाइम ऑफिसात कारकून लागलो, तिथूनच रिटायर झालो. पण त्याच्या आधी, कारखान्याची पहिली भट्टी पेटायच्या आधीची काही वर्षं, मी कुम्हारीच्या बाजूला एका शेतीफार्मवर कामदार होतो. कामदार म्हणजे साहेबांचे हात आणि डोळे. वाफे आखायचे, बी टाकायचं, रोज झाडं पाहायची आणि जे दिसलं ते वहीत लिहायचं.

जे दिसलं ते — एवढंच काम होतं हो माझं.

साहेब होते देवपुजारी साहेब, नागपूरचे. जवसाच्या वाफ्यात दिवसभर वाकून वाकून त्यांची पाठ कायमची वाकलेली. ते एकाच गोष्टीच्या मागे होते. जवसाला तांबेरा येतो. थंडी सरता सरता पानावर बारीक फोड उठतात, फुटतात, आणि त्यातून नारिंगी भुकटी वाऱ्यावर उडते. एका शेतातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या. बोंडं भरायच्या आत झाड वाळतं. साहेबांना असं जवस करायचं होतं ज्याला तांबेरा लागणारच नाही.

त्यासाठी त्यांनी बाहेर देशातलं एक जवस आणलं होतं. दाणा बारीक, इथल्या मातीत रडत उगवणारं, पण तांबेऱ्याला दाद न देणारं. त्याचा संकर त्यांनी इथल्या जवसाशी केला. भल्या पहाटे निळी फुलं उमलायच्या आत चिमट्यानं एकेक कळी उघडायची, तिचे केसर काढायचे, दुसऱ्याचे परागकण लावायचे. मग जी झाडं येतील त्यांच्यावर मुद्दाम तांबेरा सोडायचा. ज्यांना लागला ती उपटायची, ज्यांना लागला नाही त्यांचं बी राखायचं. अकरा वर्षं त्यांनी हेच केलं. मी शेवटच्या तीन वर्षांतला.

मला पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी भिंग हातात देऊन एक पान दाखवलं होतं.

"काय दिसून राहिलं, परसराम?"

"ठिपका आहे साहेब. वाळलेला. टाचणीच्या टोकाएवढा."

"तांबेरा आत शिराले गेला होता. पानानं त्याले ओळखलं, अन् आपला तेवढा तुकडा मारून टाकला. तो आतच उपाशी मेला. ठिपका म्हणजे झाड जिंकलं. फोड म्हणजे हरलं." मग म्हणाले, "पण तांबेराही बसून नाही राहत. लाखांत एखादा असा निघते, ज्याले आपलं झाड ओळखतच नाही. ओळखलं नाही तर लढंल कसं? म्हणून रोज पाहाचं."

इथल्या जवसाचं बी साहेबांनी ज्या घरून आणलं होतं ते घर कोहक्यात होतं. कोहका तेव्हा गाव होतं. तिथली फिरंतीन, एकटी विधवा बाई. तिची मोठी जमीन कारखान्यात गेलेली, तळ्यामागचा एक तुकडा तेवढा राहिलेला. उभ्या धानात ती अरसी, म्हणजे जवस, फेकायची. तिच्या आईनं लग्नात पदराला बांधून दिलेलं बी. ते एकजात नव्हतं. कोणतं झाड उंच, कोणतं बुटकं, कोणाचं फूल पांढरट. तांबेरा आला की काही झाडं जायची, काही राहायची. भरघोस कधी पिकलं नाही, पण रिकामंही कधी गेलं नाही. साहेब म्हणायचे, ही बाई माझ्याहून शहाणी आहे.

आता मला तिथं यायलाच पाहिजे. मघापासून मी बाजूबाजूनं फिरतो आहे, कळतं मला.

शेवटच्या चाचणीचं वर्ष होतं. बी वाढवून तयार होतं, एवढी थंडी निभली की गावांत वाटायचं. इकडे माझं नाव कारखान्याच्या भरतीच्या यादीत लागलं होतं. फार्मवरून सुटल्याचा कागद घेऊन दिवाळीपर्यंत हजर व्हायचं होतं. साहेब म्हणाले, "चाचणी साफ निघाली तर बी वाटून झाल्यावर तुले सोडतो. नाही निघाली तर अजून एक साल थांब माझ्यासाठी. तुझ्यासारखी नजर मले मिळणार नाही." मी हो म्हणालो. आमगावकडे बायको सासऱ्याच्या घरात पहिलं मूल पोटात घेऊन बसली होती. इकडे माळावर नव्या क्वार्टरांच्या रांगा उभ्या राहत होत्या. विटांच्या, नळाच्या. मी सायकलवरून जाताना उतरून त्यांच्या खिडक्यांतून आत पाहायचो.

मग साहेब आठ दिवस नागपूरला गेले. जाताना म्हणाले, "एक जरी फोड दिसला तरी तार कर."

चौथ्या दिवशी सकाळी नवव्या वाफ्यात, बांधाच्या कडेला, सात झाडं होती. ठिपके नव्हते. फोड होते. मी अंगठा फिरवला, अंगठा नारिंगी झाला. भिंगाची गरजच नव्हती — तरी मी भिंग काढलं, आणि बराच वेळ पाहत बसलो. कशासाठी? फोडाचा ठिपका होईल म्हणून?

ती सातही झाडं मी मुळासकट उपटली. पोत्यात गुंडाळली. साहेबांच्या बंगल्यामागे पाण्याचा बंब होता, त्यात जाळली. ओली होती, धूर फार झाला. मग हात धुतले आणि वहीत नवव्या वाफ्यासमोर लिहिलं — निरंक.

पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आलो की साहेबांचं मन मोडू नये म्हणून केलं. अकरा वर्षं त्या माणसानं घातली होती. सात झाडांसाठी ती कशी बुडवायची? ऐकायला बरं वाटतं. खरं नाही. मला क्वार्टर पाहिजे होतं. मला अजून एक साल त्या चिखलात उभं राहायचं नव्हतं. एवढंच होतं.

साहेब परतले, स्वतः सगळे वाफे फिरले. नवव्या वाफ्याच्या कडेला जागा विरळ दिसली, तर मी म्हणालो, उंदरांनी खाल्लं. चाचणी साफ ठरली. त्या संध्याकाळी त्यांनी बंगल्यावर बोलावून आपल्या हातानं मला चहा दिला.

बी वाटायला मीच गावोगाव गेलो. साहेबांनी बजावून सांगितलं होतं, "लोकांना सांग, जुनं बी टाकू नका. मूठभर तरी राखा." मी कोणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कोणीतरी विचारलं असतं — कावून? नवं एवढं चांगलं आहे तर जुनं कावून राखायचं? आणि त्या प्रश्नासमोर मला उभं राहता आलं नसतं.

फिरंतीननं नवं बी ओंजळीत घेऊन उन्हात धरलं. दाणा मोठा, चकचकीत, एकसारखा. तिनं विचारलं, "अउ जुन्ना ल का करहूँ बाबू?" जुन्याचं काय करू?

"घाण्यात दे दे," मी म्हणालो. तेल काढून घे.

तिनं काढलं. दिवाळीला त्यातलं एक बाटलीभर तेल मला आणून दिलं, नव्या नोकरीचं म्हणून. मी ते घेतलंही.

पुढच्या थंडीत मी टाइम ऑफिसात होतो. कुणीतरी म्हणालं, कोहक्याकडे अरसीला रोग पडला. रविवारी सायकल काढून गेलो. तळ्यामागचा तो तुकडा निळा असायला पाहिजे होता. नारिंगी होता. एक झाड सुटलं नव्हतं. सगळी झाडं एकाच रक्ताची, एकाला ओळखता आलं नाही म्हणजे कोणालाच आलं नाही. फिरंतीन मधोमध उभी होती, लुगडं गुडघ्यापर्यंत नारिंगी झालेलं. ती रडत नव्हती. पान चुरगळायची, बोटं पाहायची, पुन्हा दुसरं पान.

देवपुजारी साहेब बांधावर बसले होते. भिंग मातीत पडलेलं. मला पाहून उठले.

"परसराम, तांबेरा एका दिवसात आभाळातून नाही पडत. आदल्या साली कुठं ना कुठं त्याची पहिली खूण असतेच. तुले काही दिसलं होतं का रे? एखादं झाड? सांग, मी रागावणार नाही. मले फक्त समजून घ्याचं आहे."

ते हात जोडल्यासारखे उभे होते. माझी नोकरी लागलेली, क्वार्टर मिळालेलं, बायको येऊन राहिलेली, मूल झालेलं. आता माझं कोण काय बिघडवणार होतं? काहीच नाही. एक शब्द बोलायचा होता.

"नाही साहेब."

त्यांनी मान हलवली. म्हणाले, "म्हणजे तिथं होता, अन् मीच पाहिला नाही. माझे डोळे गेले, परसराम. डोळे गेले अन् मले कळलंच नाही."

त्यांचे डोळे शाबूत होते. ते माझ्यासमोर शेताकडे पाहत होते, आणि मी त्यांना आंधळं केलं.

त्यांनी वरती लिहून कळवलं की चूक सर्वस्वी आपली. जवसाचं काम बंद पडलं. नागपूरला बदली मागून घेतली, टेबलाचं काम घेतलं. मी एकदा भेटायला गेलो होतो. पेपर डोळ्यांपासून हातभर लांब धरून मग मुलीला वाचायला सांगत होते. मुलगी म्हणाली, डॉक्टर म्हणतात नजर चांगली आहे, पण यांचा भरवसाच उडाला. त्यानंतर दोन वर्षांनी ते गेले. मी मातीला गेलो नाही. ड्यूटी होती, असं घरी सांगितलं. ड्यूटी नव्हती.

फिरंतीननं तो तुकडा सोडला. कारखान्याचं बांधकाम चालूच होतं, तिथं ती रेजा, म्हणजे मजूर बाई, म्हणून लागली. एका सकाळी गेटजवळ डोक्यावर गिट्टीचं घमेलं घेऊन ती समोर आली. मला ओळखून हसली. घमेलं खाली ठेवून तिनं माझ्या मुलाचं नाव विचारलं. मग म्हणाली, "बाबू, फारम म जुन्ना बीजा के एक मुठा मिलही का? मोर दाई के रहिस." फार्मवर त्या जुन्या बियाण्याचं मूठभर मिळेल का? माझ्या आईचं होतं ते.

फार्मवर साहेबांनी नमुने डब्यांत ठेवले होते. तिच्या बियाचा डबाही असेल तिथं. सायकलनं जाऊन विचारायचं होतं, एका सकाळचं काम.

"देखूंगा," मी म्हणालो.

मी गेलो नाही. गेलो असतो तर नव्या माणसानं कपाट उघडलं असतं, आणि त्या कपाटात माझ्या हातानं लिहिलेली ती वही होती. पंधरा दिवसांनी ती पुन्हा दिसली, तिनं लांबूनच हात केला. मी वळलो. त्यानंतर दोन वर्षं ती त्या गेटवर कामाला होती, आणि ती दोन वर्षं मी दुसऱ्या गेटनं आत जात होतो.