संक्रांतीच्या कुंड्या

काशीतल्या आमच्या घराला ऊन म्हणून जे काही मिळायचं ते गच्चीवरच. मंगला गौरीच्या देवळाकडून पंचगंगा घाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत घर होतं. खालच्या खोल्यांत भर दुपारी दिवा लावावा लागे, आणि पौषात फरशी इतकी गार असे की सासूबाई पाटाखाली पोतं घालून बसायच्या. त्यामुळे दिवाळी झाली की घर जणू वर राहायला जायचं. केस वाळवणं, मटार सोलणं, स्वेटर विणणं, आल्यागेल्याशी गप्पा, सगळं गच्चीवर. संक्रांतीचं हळदीकुंकूही तिथेच. गल्लीतल्या आणि घाटाकडच्या मराठी घरांतल्या बायका आमच्याकडे हौसेने येत, आणि ते काही तिळगुळासाठी नव्हे. तिळगूळ सगळीकडे सारखाच. त्या दिवशी आमची गच्ची बघण्यासारखी असे, आणि ती तशी करणारी मी होते.

मी लग्न होऊन आले सांगलीकडून. तिकडे थंडी म्हणजे पहाटे एक शाल. इथलं धुकं बघून पहिल्या वर्षी मी घाबरलेच होते. दुपारचे बारा वाजले तरी समोरची गंगा दिसायची नाही. अशा हवेत कुंडीत काय तग धरेल हे मला चुकत चुकतच कळलं. पिटूनिया दुकानात गोड दिसतो, पण आठवडाभर ऊन पडलं नाही की त्याची पानं चिकट होऊन कुजतात. कॅलेंडुला बिचारा कशालाही तयार असतो. पॅन्झीला उंची नाही, ती कठड्यावर ठेवली तरच तिचं तोंड दिसतं. डेलियाला काठीचा आधार आधीच द्यायचा, फूल आल्यावर द्यायला गेलं तर देठ मोडतो. आणि शेवंती घ्यायची तर उशिरा फुलणारी, बारीक पिवळी. मोठमोठ्या गेंदांची शेवंती नाताळापर्यंत म्हातारी होते, संक्रांतीला तिच्यात काही उरत नाही.

त्यात वर माकडं. झाड कितीही निवडून आणलं तरी कळी धरली की माकडं हजर. म्हणून संध्याकाळी सगळ्या कुंड्यांवर बाभळीच्या काटेरी फांद्या आडव्या टाकायच्या, दव पडू नये म्हणून त्यावर जुन्या साड्या ताणायच्या, आणि सकाळी पुन्हा सगळं काढायचं. हे काम आम्ही दोघं करायचो, मी आणि माझा नवरा. त्याला एकाही फुलाचं नाव येत नसे. तो सगळ्यांना मिळून ‘तुझी मंडळी’ म्हणायचा. पण शहराच्या दुसऱ्या टोकाला लंका नावाचा भाग आहे, तिथल्या नर्सरीतून रिक्षाने मैदागिनच्या चौकापर्यंत आणि तिथून गल्लीबोळांतून, मध्ये आडव्या बसलेल्या सांडाला वळसा घालून, कुंड्या पोटाशी धरून तोच आणायचा. गच्चीत पोचला की हाशहुश करत म्हणायचा, ‘‘मंडळी आली, चहा टाक.’’

एका श्रावणात तो कावीळ होऊन गेला. नव्वदच्या दशकाचा मधला काळ तो. त्यावर मी इथे काही लिहिणार नाही, लिहून त्यातलं काही कमी होत नाही. वर्षभर घरात सण धरला नाही. त्या थंडीत मी गच्चीवर कपडे वाळत घालायला जायचे आणि कुंड्यांकडे न बघता खाली यायचे. मागच्या मुळांतून फुटलेली शेवंती आपली आपण आली आणि माकडांनी खाल्ली.

दुसऱ्या वर्षी दसऱ्यानंतर जाऊबाई माझ्या खोलीत आल्या. त्या जन्मापासून बनारसच्या. त्यांच्या मराठीत हिंदी इतकं मिसळलेलं की सुरुवातीला मला हसू यायचं. पलंगाच्या कडेवर बसून म्हणाल्या, ‘‘अगं, यंदा संक्रांतीला छतावर हळदीकुंकू करीन म्हणते. सगळ्या विचारतात. दोन साल होत आली, घर कसं उदास उदास वाटतं.’’

‘‘करा की,’’ मी म्हटलं.

‘‘गमले तू बघ. तुझ्यासारखी पसंद कुणाची नाही. मी आणीन तर चार क्रोटन उचलून आणीन.’’ कुंड्यांना त्या गमलेच म्हणत. मग उठता उठता म्हणाल्या, ‘‘तुला त्रास नाही ना होणार?’’

त्रास कशाचा ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. दोघींनाही माहीत होतं. गच्ची मी सजवायची आणि बायका यायच्या वेळी खाली जाऊन बसायचं. हळदीकुंकू सवाष्णींचं. त्यात विधवेचं काम नाही, आणि विधवेने तिथे उभं राहणंही बरं दिसत नाही. जाऊबाई वाईट नव्हत्या हो. माझ्या आजारपणात त्यांनी माझी वेणी घालून दिली आहे. पण त्या उठून गेल्या तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे हात माझे हवेत, माझी नजर हवी, फक्त मी नको. कामापुरती मामी.

दोन दिवस मी मनात नाही नाही ते रचलं. सगळी गच्ची निवडुंगाने भरावी. नाहीतर पांढरीच फुलं आणावीत, नुसती पांढरी, म्हणजे बघणाऱ्यांना कळेल. नाहीतर सरळ सांगावं, मला जमणार नाही. यातलं मी काहीच केलं नाही. नर्सरीत पाय टाकला, ओल्या मातीचा वास आला, आणि माझे डोळे आपोआप खोडांकडे गेले. पानं पिवळी पडलेलं रोप मी कुणाच्याही सुखासाठी घेतलं नसतं आणि कुणावरच्या रागासाठीही घेतलं नसतं. नर्सरीवाल्याने ओळखलं. ‘‘इस बार साहब नहीं आए?’’ त्याने विचारलं. मी म्हटलं, ‘‘नहीं आए.’’ त्याने हमाल बरोबर दिला.

मी निवडलं ते सगळं रंगीत होतं. पिवळी शेवंती, केशरी कॅलेंडुला, गर्द लाल डेलिया, जांभळी पॅन्झी. पांढरं एकही नाही. जाऊबाई बघून म्हणाल्या, ‘‘एखादा पांढरा गमला असता तर खुलून दिसलं असतं.’’ मी म्हटलं, ‘‘पांढरा मला आवडत नाही, वहिनी.’’

बाभळीच्या फांद्या आणि साड्या टाकायला आता दुसरं कोणी नव्हतं. पहिल्या संध्याकाळी मी एकटीच करत होते, तर सासूबाई जिना चढून आल्या. गुडघे दुखायचे त्यांचे, एरवी त्या दिवसातून एकदाच वर येत, उन्हाच्या वेळी. त्यांनी साडीचं दुसरं टोक धरलं. मग रोज संध्याकाळी यायला लागल्या. शेवंतीचे शेंडे कुठवर खुडायचे ते मी त्यांना दाखवलं. त्या कळीला बोटाने अगदी हळूच हात लावत, जणू ती झोपली आहे. एकदा म्हणाल्या, ‘‘ही पिवळी संक्रांतीला पूर्ण उघडते का गं?’’

‘‘उघडते की. दरवर्षी उघडायची. तुम्ही पाहिली नाहीत?’’

‘‘मी दुसऱ्या दिवशी बघायची,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तोवर बायकांनी वेणीसाठी खुडलेली असायची.’’

माझे सासरे माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी गेलेले. संक्रांतीला सासूबाई खाली स्वयंपाकघरात लाडू वळत बसतात हे सगळ्यांना माहीत होतं, आणि त्या खाली आहेत म्हणून तिळगूळ वेळेवर वर येतो, यापलीकडे त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. मीच नवी साडी सावरत धावत खाली यायची, ताट उचलायची आणि धावत वर जायची. त्या संध्याकाळी त्यांच्या तोंडून ते वाक्य ऐकलं आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. मला नवऱ्याचं दुःख होतं, राग होता, पण भीती नव्हती वाटली. आता वाटली. मी पस्तिशीसुद्धा गाठली नव्हती. यांच्यासारखं दरवर्षी खाली बसून, दुसऱ्या दिवशी उरलेली फुलं बघत मला किती वर्षं काढायची होती.

संक्रांतीच्या दिवशी धुकं दुपारी विरलं आणि लख्ख ऊन पडलं. मी सकाळपासून वर होते. फांद्या काढून कोपऱ्यात टाकल्या, पॅन्झी कठड्यावर चढवली, डेलिया जिन्यासमोर ठेवले म्हणजे वर येणारीला आधी तेच दिसावेत. शेवंती सतरंजीच्या कडेने अर्धगोल मांडली. सगळी उघडली होती. खरं सांगते, इतकी छान गच्ची मी पूर्वी कधी मांडली नव्हती. जाऊबाई काठापदराची साडी नेसून आल्या, सगळीकडे बघितलं, त्यांचे डोळे भरले. ‘‘किती सुंदर गं,’’ म्हणाल्या. आणि मग अगदी मायेने, ‘‘आता तू खाली जा. थकली असशील.’’

मी खाली गेले. सासूबाईंच्या शेजारी पोत्यावर बसले आणि लाडू वळू लागले. पाक कडक झाला होता, हाताला चटके बसत होते. वरून बायकांचं हसणं ऐकू येत होतं. ‘‘काय फुलं आहेत,’’ असं कुणीतरी म्हणालं, तेही ऐकू आलं. मी लाडू इतका दाबला की तो फुटला. सासूबाईंनी तो माझ्या हातातून घेतला आणि नीट वळून ताटात ठेवला.

थोड्या वेळाने वर आरडाओरडा झाला. कुंडी फुटल्याचा आवाज आला, मग दुसरी. जाऊबाई जिन्यातून हाका मारत होत्या, ‘‘अगं ये, लवकर ये, बंदर आलेत.’’

मी दाराआडचा बांबू घेऊन वर धावले. दोन मोठी माकडं तिळगुळाच्या ताटावर, आणि एक शेवंतीत बसून मूठमूठभर फुलं ओरबाडत होतं. बायका एका कोपऱ्यात गोळा झाल्या होत्या. माकडाला मारायचं नसतं, बांबू जमिनीवर आपटत सरळ त्याच्या अंगावर चालून जायचं असतं, आणि मागे हटायचं नसतं. मी गेले. माकडं दात दाखवून कठड्यावरून पलीकडच्या घरावर गेली. मग मी बाभळीची एक फांदी उचलून शेवंतीवर टाकली, फुटलेल्या कुंड्यांतल्या डेलियांची मुळं मातीसकट उचलून रिकाम्या बादलीत ठेवली.

सगळं झाल्यावर मी मान वर केली. बायका आपापल्या जागी बसत होत्या, माझ्याकडे बघत होत्या आणि बघत नव्हत्या. पदरावर पाकाचे डाग, हातात बांबू, कपाळावर बारीकशी काळी टिकली. सगळ्या मला ओळखत होत्या, कितीकींच्या ओट्या मी याच गच्चीवर भरल्या होत्या. कुणी ‘बस’ म्हणालं नाही. जाऊबाई हळूच म्हणाल्या, ‘‘झालं आता. जा तू, मी बघते.’’

मी वळले, तर जिन्याच्या तोंडाशी सासूबाई. भिंतीला धरून धापा टाकत उभ्या होत्या. मला वाटलं माकडांच्या भीतीने आल्या. त्या सतरंजीपर्यंत आल्या, शेवंतीच्या कडेला खाली बसल्या आणि मला हाताला धरून शेजारी बसवलं. घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईला उठा म्हणायची कुणाची छाती नव्हती. शेवटी जाऊबाईंनी कोयरी उचलली आणि राहिलेल्या बायकांना हळदकुंकू लावायला लागल्या. ओळीने येत येत त्या आमच्यापर्यंत आल्या, आणि आम्हाला ओलांडून पुढच्या बाईकडे वाकल्या.

‘‘तिला लाव,’’ सासूबाई म्हणाल्या.

जाऊबाई तशाच वाकलेल्या राहिल्या. ‘‘आई, अहो, असं कसं...’’

‘‘मला नको. मला सवय झाली आहे.’’ त्यांचा आवाज मोठा नव्हता, लाडवाला तीळ कमी पडले म्हणून सांगावं तसा होता. ‘‘तिला सवय लावू नको.’’

जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी हळदीचं बोट माझ्या कपाळाला टेकवलं. मग बोट कुंकवात बुडवलं, उचललं, आणि ते तसंच धरून त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग शेजारच्या बाईला लावलं.

मला हळद मिळाली आणि कुंकू मिळालं नाही. तेवढ्याने मी इतकी सुखावले की रात्री झोपतानाही कपाळ पुसलं नाही. इतक्या वर्षांनी मला जाऊबाईंचा राग येत नाही, त्या ओळीत बसलेल्या बायकांचाही येत नाही. मी त्या अर्ध्यावर खूश झाले, त्याचा येतो.