झेंड्याचा डावा कोपरा

मॅनिटोबा प्रांताच्या झेंड्यावर माझा राग होता आणि तो मी कधी लपवला नाही. लाल कापड, उजव्या बाजूला ढाल, ढालीत खडकावर उभा असलेला बायसन, त्याच्या वर पांढऱ्या पट्टीत लाल क्रूस. इथवर माझी तक्रार नव्हती. पण वरचा डावा कोपरा इंग्रजांच्या युनियन जॅकने अडवलेला आहे. बेचाळीसच्या चळवळीत पोलिसांच्या लाठीने माझ्या वडिलांचं उजवं मनगट मोडलं आणि ते वाकडंच बसलं. पंगतीत ते डाव्या हातात चमचा धरून जेवत आणि वाढणाऱ्या बायका नजर चुकवत. विनिपेगला येऊन मला पंचेचाळीस वर्षं झाली, तरी तो कोपरा पाहिला की मला ते मनगट दिसायचं. नागरिकत्वाची शपथ घेताना राणीचं नाव आलं तेव्हा मी नुसते ओठ हलवले होते. आमचे हे माझ्या बाजूला उभे राहून खणखणीत आवाजात बोलले आणि घरी आल्यावर मला हसले.

या झेंड्याचा इतिहास मला मुलाने सांगितला. तो प्रांताच्या वणवे विझवणाऱ्या खात्यात होता. इंजिनिअरचा एकुलता एक मुलगा युनिव्हर्सिटी अर्धी सोडून जंगलात फावडं मारायला गेला, म्हणून हे त्याच्याशी दोन वर्षं धड बोलले नव्हते. त्याच्या जॅकेटच्या बाहीवर हाच झेंडा शिवलेला असे. एकदा त्याची शिवण उसवली म्हणून तो जॅकेट घेऊन माझ्याकडे आला. मी म्हटलं, बायसन तेवढा शिवून देते, कोपरा कापून टाकते. तो खूप हसला आणि बेसमेंटच्या पायरीवर बसून सांगू लागला. साठच्या दशकात देशाने मेपलच्या पानाचा नवा झेंडा घेतला. युनियन जॅकवाल्या जुन्या लाल झेंड्यावर ज्यांचा जीव होता ते इथे चिडले, शेजारच्या ऑन्टारिओतही चिडले. मग दोन्ही प्रांतांनी तोच लाल झेंडा घेऊन त्यावर आपापली ढाल लावली.

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही," मी म्हटलं. ते त्याला समजावून सांगावं लागलं.

बायसनचं विचारलं तर म्हणाला, इथल्या माळावर त्यांचे कळपच्या कळप होते, गोऱ्यांनी मारून मारून संपवत आणले.

"आधी मारायचं आणि मग झेंड्यावर काढायचं. शोभतं त्यांना."

"आई, नोबडी लुक्स ॲट ऑल दॅट," तो म्हणाला. "फॉर अस इट जस्ट मीन्स, ही इज वन ऑफ अवर्स."

मी दात-ओठ खात टाके घातले.

दोन उन्हाळ्यांपूर्वी उत्तरेकडच्या वणव्यात, मुळाशी जळलेलं एक झाड त्याच्या अंगावर पडलं. तो एकेचाळीस वर्षांचा होता. खात्याची दोन माणसं सांगायला आली ती आमच्या स्वयंपाकघरात उभीच राहिली. बसा म्हटलं तरी बसली नाहीत.

फ्युनरल होममध्ये त्याच्या तुकडीची प्रमुख आली. ती इथल्या मूळ रहिवाशांपैकी क्री समाजातली, चाळिशीची, रुंद खांद्यांची बाई. बरोबर तुकडीतली पाच माणसं होती. तिच्या दोन्ही हातांवर घडी केलेला तो झेंडा होता. शवपेटीवर घालायची परवानगी हवी, असं ती अगदी हळू म्हणाली. घडीत नेमका तो कोपरा वर आला होता.

"नो," मी म्हटलं. "नॉट दॅट."

"अगं, असू दे ना," हे म्हणाले. "त्याची माणसं आहेत."

"माझ्या बाबांचा हात ज्यांनी मोडला त्यांचं फडकं माझ्या पोरावर पडणार नाही."

तिला मराठी कळलं नाही, पण माझा चेहरा कळला. तिने मान हलवली आणि ती सहाही माणसं मागे जाऊन भिंतीशी उभी राहिली. मी शवपेटीवर पांढरा शेला घातला. मला तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं होतं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं होतं.

निघायची वेळ झाली तेव्हा फ्युनरल होमच्या दोन माणसांनी शवपेटी चाकांच्या गाडीवर ढकलत नेली. एक चाक कुरकुरत होतं. मराठी मंडळातून आलेले पुरुष सगळे सत्तरीचे, कुणाचे गुडघे बदललेले, कुणाची बायपास झालेली. ह्यांनी नुसता हात लावला आणि गाडीबरोबर चालत राहिले. घरी आल्यावर मी तोंड सोडलं. कसला हा देश, पोराला खांदा द्यायला चार माणसं मिळाली नाहीत. ते वाक्य ह्यांच्या मनात बसलं.

ऑक्टोबरमध्ये ती बाई त्याचं सामान घेऊन घरी आली. हे फिजिओथेरपीला गेले होते. मी चहा केला. तिने स्वतःहून सांगितलं की तिच्या आजीला लहानपणी घरातून उचलून सरकारी बोर्डिंग शाळेत नेलं, तिथेही युनियन जॅकच फडकत होता. मी विचारलं, मग तू हा झेंडा बाहीवर कसा लावतेस? तर म्हणाली, माझी माणसं लावतात म्हणून.

मला बरं वाटलं, म्हणून मी मनातलं बोलले. आमच्यात गेलेल्या माणसाला खांद्यावरून नेतात, माझं पोर चाकांवर गेलं, हे मला सोसत नाही, असं तिला सांगितलं. तिने कप खाली ठेवला.

मग म्हणाली, झेंडा घातला की तुकडी उचलते. खांद्यावरून, दारापर्यंत, सहाजण. दोन संध्याकाळी तुकडीच्या तळाच्या आवारात त्यांनी सराव केला होता, स्ट्रेचरवर त्याच्या वजनाइतकी वाळूची पोती ठेवून. दोघं बुटके होते, त्यांच्यासाठी खांद्यावर टॉवेलच्या घड्या ठेवल्या होत्या. मी नको म्हटलं तेव्हा तिला वाटलं, परक्यांनी हात लावलेला आमच्या धर्माला चालत नसेल.

"त्याच वेळी का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"यू वेअर हिज मदर," ती म्हणाली.

ह्यांना मी हे अजून सांगितलेलं नाही. मंडळात कुणी भेटलं की हे अजून म्हणतात, पोराला खांदा द्यायला इथे माणसं मिळाली नाहीत हो. मी शेजारच्या खुर्चीवर बसलेली असते आणि मान हलवते.