डेटा आमचा, ॲप सरांचं

घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेणाऱ्यांना किस्से गोळा करावे लागत नाहीत. एका घरातला राग उतरायच्या आत दुसऱ्या घराची बेल वाजवायची असते, त्यामुळे तो साठतच जातो. बोरीवली-कांदिवली भागात आमच्या लॅबचे आम्ही तिघं: मी, सावंतकाका आणि मनीषा. आमच्या डोक्यावर एक सर. दुपारी सँपल जमा करून चहाला बसलो की विषय एकच, डेटा.

*

फोन आमचा, रिचार्जही आमचाच. रोजचा दीड जीबी सकाळी अकराला संपायचा. मला वाटायचं, सिमवाले फसवतात. एकदा सेटिंग्जमध्ये जाऊन कोणतं ॲप किती खातं ते बघितलं, तर सगळ्यात वर आमच्याच लॅबचं ॲप! आम्ही उघडलं नाही तरी ते मागच्या मागे चालू, आणि आम्ही कुठे आहोत ते सतत सरांना कळवतंय.

लगेच फोन लावला. "सर, तुमचं ॲप माझा सगळा डेटा खातंय."

"अगं, पण ॲप तुम्हाला फुकट दिलंय ना?"

*

तक्रारी वाढल्यावर सरांनी उपाय शोधला. ग्रुपवर व्हिडिओ टाकला, 'मोबाइल डेटा कसा वाचवावा'. चाळीस मिनिटांचा, आणि बघणं सक्तीचं. सावंतकाकांच्या फोनवर तो आपोआप डाउनलोड झाला आणि दिवसाचा डेटा संपला. मॅप बंद. काका अर्धा तास पेशंटची बिल्डिंग शोधत फिरले.

उशीर झाला म्हणून काकांना लाल शेरा मिळाला. असे तीन लाल शेरे झाले की काम बंद, हा आमच्या लॅबचा नियम. त्या शेऱ्याचा मला आजही संताप येतो.

*

मनीषाने एका घरी शुगरचं सँपल घेतलं आणि त्याची नोंद ॲपवर चढवायला वायफायचा पासवर्ड मागितला. त्या घरचे आजोबा एकदम सावध झाले.

"रक्त पाहिजे तर अजून एक बाटली घ्या," ते म्हणाले. "पासवर्डचं मात्र मुलाला विचारावं लागेल."

*

शेवटी मीच डोकं चालवलं. लॅबच्या ॲपचा बॅकग्राउंड डेटा बंद केला, ग्रुपवरचं ऑटो डाउनलोड बंद, अपडेट फक्त घरच्या वायफायवर. त्या दिवशी डेटा रात्रीपर्यंत पुरला. दुसऱ्या दिवशी काकांना आणि मनीषालाही करून दिलं.

आता ॲप उघडू तेव्हाच सरांना आमची जागा कळायची, नाहीतर शेवटचीच दिसत राहायची; आणि काका नोंदी दुपारी एकदम करायचे. चौथ्या दिवशी काकांना फोन आला.

"सावंत, दोन तास नॅशनल पार्कच्या गेटवर काय करताय?"

"पाच घरा झाली, सर."

"ॲपमध्ये तर हलला नाहीत तुम्ही!"

काका मालवणचे. त्यांनी शांतपणे विचारलं, "रगात काय मोबायलातसून येता?"

दुसरा लाल शेरा.

*

मनीषाचेही दोन झाले होते. घरात कमावणारी ती एकटी. त्यामुळे सरांच्या आईचं सँपल तिच्या यादीत आलं, तेव्हा आम्ही तिला बजावलं, काही झालं तरी उशीर करू नकोस. सकाळी सातला, उपाशीपोटी, सरांच्याच घरी.

ती वेळेवर पोचली. दार आजींनी उघडलं. मनीषा पोचल्याची नोंद करायला फोन काढणार, तेवढ्यात आजी म्हणाल्या, "ते नंतर बघ गं. रात्रीपासून पोटात काही नाही, चहा खोळंबलाय. आधी टोच."

मनीषाने फोन टेबलावर ठेवला आणि सुई टोचली. तेवढ्यात फोन वाजला. सर! आजींनीच मोकळ्या हाताने उचलून स्पीकरवर टाकला.

"मनीषा, कुठे आहेस? माझी आई उपाशी बसलीय आणि तू अजून कांदिवली स्टेशनवर? हा तिसरा शेरा. उद्यापासून येऊ नकोस."

हा आवाज फोनमधून येत होता, आणि आतल्या खोलीतूनही.

"सर, मी हॉलमध्ये आहे," मनीषा म्हणाली. "सुई आत आहे, जरा हळू बोला."

सर लॅपटॉप घेऊन बाहेर आले. त्यांनी मनीषाकडे बघितलं, आईच्या हाताकडे बघितलं, मग पुन्हा स्क्रीनकडे.

"ते ठीक आहे," ते म्हणाले, "पण सिस्टिमप्रमाणे तू इथे आलेलीच नाहीस. शेरा लागणार."

आजींनी कापसाचा बोळा दाबून धरला आणि मुलाकडे बघितलं.

"नाही ना आली? मग माझं रक्त मला परत दे."