पंजा गुरुजी

गुरुजींचा उजवा तळहात भाकरीएवढा होता आणि आमच्या नशिबाला नेमका तोच आडवा यायचा. कळंबच्या शाळेत संध्याकाळी ते आम्हा घोडे झालेल्या नापासांना मॅट्रिकचं इंग्रजी शिकवायचे. कुणी दुष्काळी कामावरचा मुकादम, कुणी माझ्यासारखा सहकारी संघातला हंगामी कारकून. सगळ्यांचं इंग्रजीच राहिलेलं आणि त्याच्यावाचून नोकरी टिकणार नव्हती.

बोर्डाचा फॉर्म भरू देण्याआधी गुरुजी स्वतः परीक्षा घ्यायचे. आधी तोंडी व्याकरण, मग धडा वाचायचा. आपण रंगात आलो की तो पंजा अलगद पानावर यायचा, आणि आमचं वाचन तसंच पुढं चालू राहायचं, कारण धडे घोकून पाठ केलेले. गुरुजी हसायचे नाहीत. "ह्ये वाचणं न्हाय, पाठांतर हाय. बसा खाली," एवढंच म्हणायचे.

सगळ्यांत जास्त वेळा शेवंताबाई खाली बसल्या. त्या आरोग्य केंद्रात तात्पुरत्या मदतनीस होत्या. नवरा दुष्काळात पुण्याकडं गेला तो गेलाच, पदरात दोन लेकरं. मॅट्रिक झाल्या तर नर्सच्या शिक्षणाला जाता येणार होतं, नाहीतर पुन्हा खडी फोडायला. एकदा रडकुंडीला येऊन म्हणाल्या, "गुरुजी, पेपरात कोण हात ठिवतंय? पाठ करून बी पास व्हईन की."

"व्हाल. पण उद्या औषधाच्या बाटलीवर काय लिवलंय, त्ये कुठनं पाठ करणार?"

त्या दिवसापासून बाई शब्दाशब्दावर बोट टेकत वाचू लागल्या. केंद्रातली औषधांची रिकामी खोकीसुद्धा सोडायच्या नाहीत.

त्या वर्षी पुस्तक बदललं. धडा तोच, पण मधली काही वाक्यं नवी. गुरुजी बाईंचंच पुस्तक घेऊन मोठ्यानं वाचत होते आणि बाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या. मध्येच त्यांनी चमकून वर पाहिलं. गुरुजी वाचत होते ते पानावर नव्हतंच. बाईंनी बिचकत आपला हात पानावर ठेवला. गुरुजींचं वाचन चालूच राहिलं. ओळीवरून सरकणारं त्यांचं बोट बाईंच्या बोटांना लागलं, तेव्हा ते थांबले.

"कुणाचा हात हाय?"

"माझा, गुरुजी."

 गुरुजींनी चष्मा काढून खिशात घातला. "बाई, तुमी पास. फॉर्म भरा. मी नापास. लई दिवस झाले, दिसंनाच झालंय मला."

दुसऱ्या दिवसापासून वर्ग बंद झाला. आम्ही काही जण त्यांना विनवायला गेलो. नुसतं बसा, तोंडी शिकवा, म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही. जो नियम आम्हाला, तोच त्यांना. असा हट्ट मला आजही पटत नाही.

शेवंताबाई बोर्डात पास झाल्या. नर्सच्या शिक्षणाला लागल्यावर मला बरोबर घेऊन सोनारीला गुरुजींच्या गावी गेल्या. देवळामागच्या खोलीत गुरुजी भिंतीला टेकून बसले होते. डोळे पार गेले होते. बाईंनी पेढा हातावर ठेवला, तो त्यांनी तसाच बाजूला ठेवला. "वाचा कायतरी," म्हणाले.

बाईंनी पिशवीतून नर्सच्या शिक्षणाचं इंग्रजी पुस्तक काढलं आणि वाचू लागल्या. थोड्या वेळानं तो मोठा हात चाचपडत आला आणि पानावर बसला. बाई थांबल्या.

"बरं वाटलं," गुरुजी म्हणाले. "वाचा आता पुढं."

पण हात काढायचं त्यांना सुचलं नाही. आणि बाईंनीही, एसटीची वेळ होईपर्यंत, तो तिथून हलवला नाही. पुढच्या उन्हाळ्यात गुरुजी गेले.