वीस फुटांचा कठडा

विल्मट साहेबानं मला फसवलं. मला एकट्यालाच नाही, मागच्या बाकांवर बसणाऱ्या आमच्या सगळ्या घरांना फसवलं, आणि तेही माझ्याच हातच्या लाकडानं. हे आधीच सांगून टाकतो. मागाहून कुणी म्हणायला नको की योहान मिस्त्री गोष्ट फिरवून सांगतो.

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती. संस्थानं देशात विलीन होत होती. बुऱ्हाणपुरात मात्र स्टेशनाकडच्या चर्चमध्ये अजून पुढचे बाक गोऱ्यांचे होते. गोरे म्हणजे गिरणीतले दोन-चार साहेब आणि रेल्वेतली अँग्लो-इंडियन कुटुंबं. मागचे बाक आमचे, देशी ख्रिस्त्यांचे. माझा बाप दुष्काळात मिशनच्या अनाथाश्रमात वाढला, तिथंच सुतारकाम शिकला. मी इतवारा मोहल्ल्यात स्वतःचं वर्कशॉप काढलं. शहापूरपर्यंत माझ्या हातची दारं-खिडक्या गेल्या. पण रविवारी माझी जागा मागेच.

बसण्याचं एक वेळ सोडा. प्रभुभोजनाचं जास्त लागायचं. प्रभुभोजन म्हणजे येशूच्या आठवणीत घ्यायचा भाकरीचा तुकडा आणि द्राक्षारसाचा घोट. प्याला सगळ्यांना एकच. वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकून तो घ्यायचा. आधी गोरे जात. ते परतून बसले की आम्ही. आमच्या ओठांना लागलेला प्याला त्या दिवशी परत त्यांच्याकडे जात नसे. कायदा कुठं लिहिलेला नव्हता. सगळ्यांना पाठ होता.

विल्मट गिरणीत वीव्हिंग मास्टर होता आणि चर्च कमिटीचा सेक्रेटरी. एक दिवस तो वर्कशॉपवर आला. म्हणाला, वेदीचा कठडा वाळवीनं खाल्लाय, नवा पाहिजे. वीस फूट.

मी हातातला रंधा खाली ठेवला. "साहेब, वेदीपुढची जागा बारा फूट आहे. वीस कशाला?"

"पायरी आगे लेगा, मिस्त्री. इस दीवार से उस दीवार तक. सब लोग एक साथ घुटना टेकेगा. इसी वास्ते लंबा मांगता."

सब लोग एक साथ! माणूस शब्दाला भुलतो. मी लाकडातला माणूस, सागवानाच्या ओंडक्यावर थुंकी लावून त्याचं वय सांगणारा. कुणावर भरवसा न ठेवता वर आलो. पण हे ऐकून मी पुढचा प्रश्न विचारलाच नाही. आयुष्यात मी एकाच कामाचा भाव केला नाही, ते हे काम.

प्रभुभोजनाचा कठडा साध्या कठड्यासारखा नसतो. उंची कमी असते, गुडघ्यावर बसलेल्या माणसाच्या छातीला येईल इतकी. वरची फळी रुंद, हात टेकायला. लोक ज्या बाजूला टेकतात तिथं खाली गुडघ्यांसाठी ठेंगणी फळी. मधोमध पाद्रीला येण्या-जाण्यासाठी छोटं फाटक. सांध्यांना मी खिळा लावला नाही. एका लाकडाला जीभ काढायची, दुसऱ्याला भोक पाडायचं, आणि दोन्ही एकमेकांत ठोकून बसवायची. असा सांधा शंभर वर्षं हलत नाही. गुडघ्यांच्या फळीवर गादी माझ्या मायनं शिवली. निंबोल्याहून मावशीनं कापूस पाठवला. आमच्या बायांनी तो पिंजून भरला. सगळ्यांना मी सांगून ठेवलं होतं, आता दोन रांगा नाहीत.

शनिवारी रेल्वेचे दोन खलाशी, म्हणजे मजूर, येऊन कठडा घेऊन गेले. बसवायचं काम साहेबाचेच लोक करतील, असा निरोप होता. मी तेही मान्य केलं.

रविवारी आत पाऊल टाकलं आणि पाय जागीच थांबले. कठडा वेदीपुढं नव्हता. चर्चच्या मध्ये होता. पुढचे बाक तिकडे, मागचे इकडे, आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत माझं सागवान. एक सूतही फरक नव्हता. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. वेदीची पायरी जागची हललीच नव्हती, म्हणजे साहेबाच्या मनात पहिल्या दिवसापासून हीच जागा होती. फाटकाला वर पितळी कडी ठोकली होती, पुढच्या बाजूनं लावायची.

उपासना संपल्यावर मी त्याला दारात गाठलं.

"साहेब, हे काय?"

"बहुत अच्छा बना है, मिस्त्री."

"हे वेदीपुढं बसायचं होतं."

"कमिटी ने सोचा, इधर ठीक है. तुम लोग के साथ बच्चा लोग आता, गडबड होता. ऑर्डर रहना मांगता."

"आणि सब लोग एक साथ?"

तो हसला. "एकही छप्पर के नीचे तो है, मॅन."

मी तडक घरी आलो आणि करवत काढली. माय दारात आडवी बसली. सत्तरीची बाई, गुडघे गेलेले, पण हलेना.

"कुठं चालला?"

"कापून टाकतो. माझं लाकूड आहे."

"कापीसन काय होईल? उद्या तो लोखंडाचा लावेल." मग तिनं विचारलं, "तू तो कठडा कशासाठी केला रे?"

"प्रभुभोजनासाठी."

"मग प्रभुभोजनालेच वापरू. जिथं ठेवला तिथं."

आमच्या मराठी प्रार्थना चालवणारे चांदेकर मास्तर तिथंच आले होते. त्यांना आधी समजलं नाही. समजलं तेव्हा ते खाटेवर बसले आणि म्हणाले, "माय, पाद्री वेदी सोडून कठड्यापर्यंत आला नाही तर?"

"तर उपाशी उठू."

मला हे पटलं नाही. इतवाऱ्यात वेगळी खोली घेऊन आपलं चर्च काढू, असंही काही जण म्हणत होते. माय त्यालाही तयार नव्हती. "वेगळी चूल मांडली तर त्याचंच काम सोपं," म्हणाली. शेवटी मी तिच्याशी सौदा केला. एक रविवार तुझा. नाही जमलं तर पुढचा माझा आणि करवतीचा.

भुसावळहून पाद्रीसाहेब महिन्यातून एकदा येत. गोरे, म्हातारे, कमी बोलणारे. ते आले त्या रविवारी त्यांनी भाकर मोडली, प्याला उचलला. पुढचे लोक नेहमीसारखे उठायला लागले. तेवढ्यात मास्तर उठले, मायला हात दिला, आणि आम्ही सगळे कठड्याशी गेलो. गादीवर गुडघे टेकले. हात फळीवर, तळवे उघडे. वीस फूट माणसंच माणसं.

विल्मट वळला. आधी हातानं खूण केली, मागे बसा. मग कडी काढून फाटक उघडलं, नंतर या अशी खूण केली. कुणी हललं नाही. तो माझ्यापाशी वाकला. "मिस्त्री, तमाशा मत करो."

मी म्हणालो, "साहेब, सब लोग एक साथ."

पाद्रीसाहेब वेदीशी प्याला धरून उभे होते. मायचा श्वास मला ऐकू येत होता. तिला इतका वेळ गुडघ्यांवर राहणं झेपत नव्हतं, पण तळवे खाली आले नाहीत. मी मनात म्हणालो, नाही येणार हा.

ते आले. सावकाश, बाकांच्या मधून, विल्मटला मागे टाकून. पहिला तुकडा त्यांनी मायच्या तळव्यावर ठेवला. मग प्याला.

पुढच्या बाकांवरून इंजिन ड्रायव्हरची बायको उठली, मिसेस बेकर. ती कठड्यापाशी आली, पण तिच्या बाजूला गुडघ्यांची फळी नव्हती. मी ती एकाच बाजूला केली होती. तिनं क्षणभर खाली पाहिलं, उघड्या फाटकातून आमच्या बाजूला आली आणि मायशेजारी टेकली. मायनंतर तिनं त्याच प्याल्यातून घोट घेतला. तिच्यामागून आणखी आठ-दहा जण आले. बाकीचे बसून राहिले. विल्मट बाजूच्या दारानं बाहेर गेला.

कठडा पंधरा दिवसांत निघाला. वेदीपुढं मात्र नाही लागला. तीन तुकडे करून मागच्या खोलीत टाकला, आणि वेदीपुढं जुनाच डागडुजी करून ठेवला. त्यानंतर रांग एकच झाली, पण तसं कुणी जाहीर केलं नाही. वर्षभरात विल्मट विलायतेला गेला.

या धंद्यातला धडा एवढाच: गिऱ्हाईक लांबी सांगतं तेव्हा जागा स्वतः जाऊन मोजावी. गोड बोलणाऱ्याच्या बाबतीत तर दोनदा मोजावी.

पण माझं भांडण संपलेलं नाही. गेल्या वर्षी मी कमिटीचं जुनं मिनिट बुक पाहिलं. मिनिट बुक म्हणजे सभेत काय ठरलं त्याची वही. त्यात लिहिलंय: "सुताराच्या चुकीच्या मापामुळे कठडा काढून टाकण्यात आला." बाकी काही नाही. माय नाही, मिसेस बेकर नाही. फक्त माझी चूक.

आज कमिटीत सगळे आपलेच लोक आहेत. मी दुरुस्ती मागितली तर म्हणतात, "जाऊ द्या ना मिस्त्री, जुनी गोष्ट आहे. आता गोरे कुठं राहिले?" गोरे गेले, पण त्यांचं खोटं तुम्ही कपाटात कुलूप लावून जपताय. माझं माप बरोबर होतं. चूक कुणाची होती, हे आजच्या सेक्रेटरीनं पुढच्या सभेत उभं राहून, सगळ्यांसमोर, नाव घेऊन सांगावं. मी पहिल्या बाकावर बसून ऐकणार आहे.