संजूचा आवाज

परवा नव्या माठात पाणी भरलं आणि ओल्या मातीच्या वासानं मी थेट बाबांच्या चितेपाशी पोचलो. मडकं फोडून झालं होतं.

"आता बोंब मारा," गुरुजी म्हणाले. साहेबांकडे रजा मागताना निघतो, तेवढाच माझा आवाज निघाला.

"अहो, मोठ्यांदा!"

तेवढ्यात मागून माझा धाकटा भाऊ संजू ओरडला. पोटातून उठलेला, घसा खरवडत आलेला, टोकाला फाटलेला आवाज. रॉक तो असंच गायचा. "संजीवराव, सूर पेटीतच विसरलात का?" बाबा विचारायचे, मी हसायचो. आज वाटतं, सुरात मावत नव्हतं तेच तो गात होता.

"झालं. मागे न बघता चला."

मी बघितलंच. संजू चितेकडे तोंड करून उभा होता, बाबा आतातरी काही बोलतील म्हणून थांबल्यासारखा.