टक्-सर

आमच्या फिजिक्सच्या सरांना नावानं हाक मारली तरी ऐकू जायचं नाही. पण कुठं ‘टक्’ वाजलं, की मान गर्रकन वळायची! अख्खं बेळगावचं कॉलेज त्यांना टक्-सर म्हणायचं.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या परदेशातल्या विद्यार्थ्यानं केसाएवढी बारीक तार पाठवली. सरांनी ती कॉइलमध्ये सरकवली, कॉइल आवाज मोठा करायला जुन्या रेडिओला जोडली आणि लोहचुंबक उलटा फिरवला. टक्!

“साध्या लोखंडातली बारकी-बारकी चुंबकं, नळाला पाणी आल्यावर माणसं धावत्यात तशी, एकेक करून वळत्यात, म्हणून खरखर. हितं समदी एकदम वळत्यात. ही तार वितळवून इतक्या घाईनं गार केलीया, की अणूंना रांगेत बसायला सवडच न्हाय.”

“म्हणजे आमचा वर्गच की, सर!” मी म्हणाले.

“व्हय गं, पण ही तार एका आवाजात उत्तर देती!”

तेवढ्यात बातमी आली: सरांची प्रयोगाची खोली प्रिन्सिपलना सायकल स्टँडसाठी हवी होती. ते स्वतः बघायला येणार होते. सर खुशीत, साहेबांनाही टक् ऐकवता येणार! प्रत्येकाच्या हाताला विज्ञान लागावं म्हणून त्यांनी प्रसाद वाटावा तशी तार बोटा-बोटाएवढी कापून वाटली. उरलेला लांब तुकडा उदबत्तीच्या नळीत ठेवला.

प्रिन्सिपल आले. सरांनी माझा तुकडा घातला. चुंबक फिरला. नुसती खरखर. दुसऱ्याचा घातला, तीच गत.

“सर, सायकली उद्यापासून लावू,” प्रिन्सिपल दाराकडे वळले.

आमचे चेहरे पडले. सर मात्र टाळी वाजवून ओरडले, “लई भारी! टोकाजवळची चुंबकं आधीच बिथरलेली असत्यात. आखूड तुकड्याला नुसती टोकंच उरली, मधलं अंग न्हाय. साहेब, थांबा!” नळीतली लांब तार आत गेली.

टक्!

प्रिन्सिपल दचकले. मग हळूच म्हणाले, “परत करा बघू.” पुढं चुंबक त्यांच्याच हातात. चहा गार झाला, सायकली उन्हातच राहिल्या.

निवृत्त होऊन गावी, कणकुंबीला निघाले, तेव्हा सरांनी ती नळी माझ्या हातात दिली. “कुणी कितीबी मागूदे, कापू नगंस.”

आता सर नाहीत. मी निपाणीत शिकवते. पोरं गळ घालतात, “मॅडम, एक तुकडा द्या की!” मी देत नाही. तार कॉइलमध्ये सरकवते, चुंबक फिरवते.

टक्.

आणि माझीच मान गर्रकन दाराकडे वळते.